दुधाचा मान

"उसव," कालिपा म्हणाली. "अख्खी नको. ते चार हातवाले तुकडे तेवढे काढ."

अनारकुलने गादी मांडीवर ओढून घेतली. "एजे, ते काढल्यावर राहतं काय? सगळी गादी त्यांचीच तर आहे."

"मग अख्खी उसव."

जर्दाळूच्या झाडाखाली दोघी जावा समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये चहाची किटली होती आणि तिला अजून कुणी हात लावला नव्हता. कालिपा थोरली, अनारकुलची 'एजे', म्हणजे ताई; बासष्ट वर्षांची, अंगाने भरलेली, गुडघ्यांनी बेजार. अनारकुल धाकटी, त्रेचाळीसची, पण हात बघितले तर कुणीही तिला पन्नाशीची म्हटले असते. कारा-तेरेकमध्ये कुणाच्याही मुलीचे लग्न ठरले की लोकरीची पोती अनारकुलच्या दारात येऊन पडायची. ती लोकर धुवायची, उन्हात घालायची, दोन बारीक छड्यांनी झोडपून झोडपून फुलवायची आणि वरून रंगीत तुकडे जोडून गाद्या शिवून द्यायची. गावातल्या कितीतरी संसारांची पहिली रात्र तिच्या हातच्या गाद्यांवर गेली होती. या अकरा गाद्या मात्र कालिपाच्या घरच्या जिबेकच्या होत्या, आणि जिबेक परवा सासरी जायची होती.

भानगड झाली ती रुखवत बघायला आलेल्या नवऱ्या मुलाच्या आत्यामुळे. आत्याबाईंनी गाद्यांवरून हात फिरवला, वा वा केली, आणि कुणी शिवल्या म्हणून विचारले. गर्दीतली एक बाई मोठ्या कौतुकाने बोलून गेली, "आमच्या बाप्टिस्टणीनं!" झाले. आत्याबाईंचा हात जागच्या जागी थांबला, आणि मग त्यांना सगळ्यात वरच्या गादीच्या तुकड्यातुकड्यात क्रूस दिसायला लागले. आता हा नमुना अनारकुलच्या आजीच्याही आजीपासून चालत आलेला. कुणी त्याला चार दिशा म्हणते, कुणी कोकराचे चार पाय. गावातली निम्मी घरे त्याच नमुन्यावर झोपत होती, आणि बहुधा आत्याबाईसुद्धा. पण ते त्यांना कोण सांगणार? नवऱ्या मुलाचा बाप हाजी. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडून फोन आला, की ही शिवणारी बाई तुमची कोण?

"तुम्ही काय सांगितलंत?" अनारकुलने ब्लेड हातात घेत विचारले.

"सांगितलं, शिवायला लावलेली बाई आहे." कालिपाने मान दुसरीकडे वळवली. "खोटं तर नाही ना? शिवायलाच लावली होती."

अनारकुलने ब्लेड शिवणीखाली सरकवले. तिने पहिला टाका कापला. लाल तुकडा सुटून आला आणि खालची पांढरी लोकर दिसली.

"राग आला?" कालिपाने विचारले.

"नाही. एजे, एक मागू?"

"माग बाई. तू मागतेस तरी कुठं कधी."

"परवा ती निघताना मला तिला दुवा द्यायची आहे. मोठ्यानं नाही. तळहात उघडीन आणि मनातल्या मनात म्हणीन. कुणाला ऐकू जाणार नाही."

कालिपाने तिच्याकडे बघितले. त्यांच्याकडची दुवा साधी नसते. मोठे माणूस तळहात उघडते, समोरचेही आपले तळहात उघडते, आणि शेवटी दोघेही ते तोंडावरून फिरवतात. समोरच्याने हात उघडले नाहीत, तर दुवा दिली असे कुणी म्हणत नाही. बावीस वर्षांत अनारकुलने जिबेकला एकदाही दुवा दिली नव्हती. तो अधिकार आईचा, आणि आई कालिपा होती.

"मनातल्या मनात कशाला?" कालिपा अचानक म्हणाली. "सगळ्यांदेखत दे. पुढं बस, माझ्या शेजारी. हे बघ, मी काल रात्रभर डोक्याला हात लावून विचार केलाय. गावातली तोंडं मी किती दिवस दाबणार? आज ना उद्या त्यांना कळणारच, की पोटची आई तू. तेव्हा पोरीचे हाल होतील. त्यापेक्षा उद्या दुपारी इमाम येतोय आमच्याकडं, चार म्हातारी माणसं पण आहेत. त्यांच्यासमोर कलमा म्हण. एक वाक्य. जीभ हलवायची. काळीज कोण उघडून बघतंय? मग मी स्वतः विहीणबाईंना सांगते, ही आई. दुधाचा मान हिचा. तुझ्या खांद्यावर घालायला लावते."

अनारकुलचा ब्लेडचा हात थांबला.

दुधाचा मान म्हणजे काय, ते ज्या बाईने मूल पाजले तिलाच कळेल. मुलीला न्यायला आलेले लोक तिच्या आईला सगळ्यांसमोर उभी करतात, मखमलीचा कोट आणि पांढरी शाल तिच्या अंगावर घालतात, आणि म्हणतात, तुझ्या दुधाचा हा मान. तू पाजलेस म्हणून आमच्या घरात माणूस येते आहे.

"हे तुम्ही म्हणताय, एजे?" अनारकुलने विचारले.

"मीच म्हणतेय. सारखं विचारू नकोस, नाहीतर मला परत नाही म्हणावंसं वाटेल."

आणि ते खरे होते. असे बोलायला कालिपाला किती जड गेले असेल, हे अनारकुलइतके कुणाला कळले नसते.

जिबेक अनारकुलची पहिली आणि एकुलती मुलगी. ती झाली तेव्हा कालिपाच्या लग्नाला अठरा वर्षे होऊन गेली होती आणि तिची ओटी रिकामी होती. सासूने सूनबाईला काही विचारले नाही. विचारायची रीतच नव्हती. थोरल्याला मूल नसले तर धाकट्याचे पहिले त्याचे, इतके साधे होते ते. चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्याने बाळाला न्हाऊ घातले, चाळीस घरच्या चिंध्यांचे झबले चढवले, आणि सासूने ते गाठोडे उचलून कालिपाच्या मांडीवर ठेवले. "तू तरणीताठी आहेस," ती अनारकुलला म्हणाली, "तुला ढीगभर होतील." अनारकुल त्या वेळी पाहुण्यांना चहा ओतत होती. तिने ओतणे थांबवले नाही. पुढे महिनाभर दूध येत राहिले आणि ती गोठ्यामागे जाऊन ते मातीत पिळून टाकत राहिली. ढीगभर सोडा, नंतर एकही झाले नाही. दोनदा राहिले आणि दोनदा गेले. मग नवरा रशियात बांधकामावर गेला आणि पेटीत परत आला.

जिबेक चार घरे सोडून वाढली. कालिपाला ती 'अपा', म्हणजे आई, म्हणायची आणि अनारकुलला 'जेने', म्हणजे काकू. बारा वर्षांची असताना शाळेतल्या भांडणात कुणीतरी तिला खरे सांगून टाकले. त्या संध्याकाळी ती अनारकुलच्या फाटकापर्यंत आली, उभी राहिली आणि परत गेली. त्यावर कुणीच कधी बोलले नाही.

वेरा किम भेटली ती नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. तालुक्याच्या गावची म्हातारी कोरियन सुईण. गादी शिवून घ्यायला आली आणि पैसे देऊन झाल्यावरही बसून राहिली, कारण अनारकुल रडत होती आणि ते तिचे तिलाच कळत नव्हते. वेराच्या घरी रविवारी नऊ माणसे जमायची. एक बसचा ड्रायव्हर, दोन शिक्षिका, दारू सोडलेला एक वेल्डर, असे लोक. गाणी म्हणायचे, बायबल वाचायचे, आणि वेराची झणझणीत गाजराची कोशिंबीर खाऊन घरी जायचे. गावात बोभाटा झाला, की बाप्टिस्ट झालेल्यांना डॉलर मिळतात. शेजारची साल्किन तर तोंडावर विचारायची, "तुझे डॉलर कुठं पुरलेस गं? बुटाला भोक पडलंय तुझ्या."

बाप्तिस्मा घेताना ती इसिक-कुल सरोवराच्या गार पाण्यात बुडून वर आली त्या दिवशी वेराने सगळ्यांना विचारले होते, की प्रभूला काय वाहून टाकता? वेल्डरने दारू सांगितली. ड्रायव्हरने बायकोवर उठणारा हात सांगितला. अनारकुलला काही सुचेना. तिच्याजवळ वाहायला होते काय? सगळे आधीच गेलेले. वेराने तिला बाजूला घेऊन हळूच विचारले, "जे गेलंय, ते तू सोडलंयस का?" नव्हते सोडले. ती रोज चार घरे पलीकडचे दार वाजले की कान टवकारायची. कुणाचा खोकला, कुणाचे हसणे, सगळे तिला इथे बसून कळायचे. मग तिने तेच द्यायला घेतले. रोज सकाळी गाय पिळायच्या आधी गोठ्यात उभी राहून ती म्हणायची, "प्रभू, जिबेक तुझी." पहिली तीन वर्षे तर हे वाक्य म्हणताना तिचे दात कराकरा वाजायचे. नंतर सवय झाली. नंतर नंतर तर ती गोठ्यात त्याच्याशी सगळेच बोलायला लागली. लोकर कशी निघाली, गाय कशी लाथ मारते, साल्किन काय म्हणाली. दिवसभरात तिच्याशी बोलणारे दुसरे होते कोण?

त्या दिवशी तिने कालिपाला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. गादी घरी नेली, उसवली, सुटे तुकडे टोपलीत टाकले आणि वेराला फोन लावला. वेराने सगळे ऐकून घेतले.

"मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही, मुली," ती म्हणाली. "इतरांची हजार बाळं हातावर घेतली, मला एक नाही. मी कोण तुला सांगणार?"

"मग मी काय करू?"

"मी गुडघे टेकते. मला तेवढंच येतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे अनारकुल गोठ्यात गेली. रोजचे वाक्य बाजूला ठेवून तिने कलमा म्हणून बघायचे ठरवले. लहानपणी आजीने शिकवलेला होता, विसरण्यातला नव्हता. तिने पहिला शब्द म्हटला आणि थांबली. ती शूर वगैरे नव्हती, हे इथे सांगून टाकलेले बरे. नरकाची भीती तिला वाटली नाही, आणि वेराच्या घरचे काय म्हणतील याचीही नाही. तिच्या मनात एवढेच आले, की हे बोलून, तो कोट पांघरून, पोरीला दुवा देऊन मी घरी येईन, आणि उद्या सकाळी इथे उभी राहीन, तेव्हा हे सगळे सांगू कुणाला? आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडलेली असेल आणि जो ऐकून घेतो त्यालाच चार माणसांत ओळखत नाही असे सांगून मी आलेली असेन. गाय मागे वळून तिच्याकडे बघत होती. अनारकुलने कासेला हात घातला आणि ती मुकाट्याने धार काढू लागली. दूध संपले तरी तिची बोटे चालूच होती.

दुपारी इमाम यायच्या आधी जिबेक आली. फाटकाशी थांबली नाही, सरळ आत आली. तिने केस बांधून बघितले होते, उद्यासाठी, आणि त्यांत पन्नास पिना होत्या. बिश्केकला औषधांचे शिकलेली मुलगी, चपळ, फटकळ, बोलताना भुवया उडवणारी. भुवया अनारकुलच्याच होत्या.

"जेने, गादी उसवलीस?"

"उसवली. उद्यापर्यंत साध्या पट्ट्यांची करून देते."

"मला ती तशीच हवी होती." ती लोकरीच्या ढिगावर मटकन बसली. "त्या आत्याला मी म्हटलंसुद्धा, की तुमच्या खिडकीच्या चौकटीला पण चार हात आहेत, ती पण काढा मग."

अनारकुलला हसू फुटले. जिबेकही हसली. मग जिबेकचे हसू गेले.

"अपानं सांगितलं मला. तिनं तुला काय म्हटलं ते."

"हं."

"इमाम तासाभरात येईल." जिबेकने लोकरीचा एक पुंजका उचलून बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "बारा वर्षांची होते तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतेय. कुणाचंही लग्न असलं, की ती दुधाच्या मानाची वेळ आली, की तू उठून चहा आणायला जातेस. दर वेळी. तुला वाटतं कुणाला दिसत नाही?"

अनारकुलने मान खाली घातली.

"माझ्या लग्नात नको जाऊस चहा आणायला." जिबेकचा आवाज बारीक झाला. "एक वाक्य आहे. मी तरी कुठं एवढं मानते? सगळेच नुसतं म्हणतात. ये ना गं. अपा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द या घरात आला. अनारकुलने शिवणयंत्राची कड धरली. तोंडातून हो निघावे म्हणून तिने खरोखर जीव एकवटला. पण निघाले ते दुसरेच.

"मला येत नाही गं, जिबेक."

"काय येत नाही?"

"खोटं बोलायचं भय नाही मला. पण त्याच्याशिवाय मला कुणी नाही. नवरा गेला, तेव्हापासून मी फक्त त्याच्याशीच..."

"मी होते ना," जिबेक म्हणाली. "चार घरं सोडून. बावीस वर्षं."



जिबेक उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्याचा तिला संताप आला होता. "पहिल्यांदा सासूनं सांगितलं म्हणून दिलंस. रडली नाहीस म्हणे, चहा ओतत होतीस. आता त्यानं सांगितलं म्हणून देतेयस. मला ठेवून घे असं तुला कुणी सांगायला पाहिजे होतं?"

ती गेली. लोकरीचा पुंजका तिच्या बोटालाच गुंडाळलेला राहिला होता, तो फाटकापाशी तिने झटकून टाकला.

अनारकुलला उत्तरे नंतर सुचली, रात्री यंत्रावर पट्ट्या जोडताना. त्याने सांगितले नव्हते, तू तर मी मागायच्या आधीच गेली होतीस, मी रोज तुझेच नाव घेत होते. एकही उत्तर पुरे पडत नव्हते, कारण पोरीचे म्हणणे खरे होते. तिला ठेवून घ्यायचे म्हणून अनारकुल एकदाही कुणाच्या अंगावर धावून गेली नव्हती. सासूच्या नाही, कालिपाच्या नाही, देवाच्याही नाही. शांतपणे सोडून देणे तिला इतके सवयीचे झाले होते, की आपण वाहिले कधी आणि नुसतेच गमावले कधी, ते तिला आता वेगळे करता येईना. पहाटे ती गोठ्यात उभी राहिली. "प्रभू, जिबेक..." एवढे म्हणाली, आणि पुढचा शब्द तिने म्हटला नाही. म्हणाली, "मला राग आला आहे." त्या गोठ्यात इतक्या वर्षांत अशी ही पहिलीच प्रार्थना होती.

लग्नघरी ती मागच्या बाजूला गेली. तिथे दोन मोठ्या कढया लागल्या होत्या, समोवर धुमसत होते आणि साल्किन बाह्या वर सारून घमेल्यात बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळत होती. अनारकुलला बघून तिने सरकून जागा केली.

"आलीस का? मला वाटलं तोंड लपवून बसशील." मग आवाज उतरवून, "काल इमाम दोन तास बसला होता म्हणे. कालिपा सारखी दाराकडं बघत होती. शेवटी त्यानंच सांगितलं, जबरदस्तीनं म्हटलेल्याला अर्थ नाही, वाट बघू नका. भला माणूस आहे."

"चहाचे वाडगे कुठं आहेत?" अनारकुलने विचारले.

"तुझ्या येशूला सांग जरा, माझ्या नवऱ्याची बाटली सोडव. तुझ्या पोरीचं तर काही केलं नाही त्यानं." साल्किन बोलून गेली आणि लगेच जीभ चावली. "ए, मनाला लावून घेऊ नकोस. माझं तोंडच असलं."

"ठीक आहे गं."

पाहुणे अकराला आले. सहा गाड्या, गाड्यांना फिती, हाजी स्वतः पुढच्या गाडीत. अंगणात गलका झाला. अनारकुल वाडगे विसळत होती, पण मागच्या भिंतीला जिथे फळी निसटलेली होती तिथून आतले अर्धे अंगण दिसत होते, आणि आज तिने कान टवकारले नाहीत असे झाले नाही. तिने बघितले: विहीणबाईंनी जिबेकच्या कानांत चांदीचे डूल घातले. हाजींनी दुवा दिली, सगळ्यांनी तळहात तोंडावरून फिरवले. मग विहीणबाई मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या सुनेची आई कुठं आहे? या, पुढं या."

कालिपा उठली. दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत उठली. निळ्या मखमलीचा कोट तिच्या अंगावर चढला, डोक्यावरून पांढरी शाल आली. "तुमच्या दुधाचा हा मान," विहीणबाई म्हणाल्या, आणि कालिपा हमसून हमसून रडायला लागली. बायांनी तिला सावरले. बघणाऱ्याला वाटले असते, लेक चालली म्हणून रडते. ती त्यासाठीच रडत होती. गोवर आला तेव्हा अकरा दिवस पोरीला छातीशी धरून बसलेली बाई होती ती. पण रडता रडता तिने एकदा मागच्या भिंतीकडे बघितले, जिकडे फळी निसटली होती तिकडे.

अनारकुलला तिचा हेवा वाटला. साधासुधा, जळजळीत हेवा. तो तिने कुणाच्याही पायाशी ठेवला नाही. तसाच पोटात ठेवला आणि वाडगे विसळले.

निघायची वेळ झाली तशी नवरीला सगळ्यांच्या निरोपाला फिरवले. राबणाऱ्या बायांचा निरोप घेतल्याशिवाय मुलगी दाराबाहेर पडत नाही, म्हणून ती मागेही आली. सोबत विहीणबाई, दोन करवल्या आणि नवा कोट घातलेली कालिपा. अनारकुलने घाईघाईने ओले हात झग्याला पुसले. विहीणबाई कौतुकाने सगळीकडे बघत होत्या. त्यांना यातले काहीच माहीत नव्हते.

जिबेकने साल्किनला मिठी मारली. साल्किन रडली, नवरीच्या पांढऱ्या झग्याला पिठाचा हात लागला, सगळ्या हसल्या. मग जिबेक अनारकुलसमोर येऊन उभी राहिली.

अनारकुलने कालिपाकडे बघितले. कालिपाने मान किंचित हलवली, दे म्हणून. अनारकुलने तळहात उघडले. ओठ मिटलेले ठेवले, ठरल्याप्रमाणे. आतल्या आत तिने त्याला सांगायला सुरुवात केली. हिला नीट सांभाळ, हिच्या पोटी येईल ते हिच्याजवळ राहू दे, कुणी न्यायला आले तर हिला ओरडायची ताकद दे. शब्द एकमेकांवर आदळत होते. आणि जिबेकचे तळहात उघडण्याची ती वाट बघत होती.

जिबेकने त्या हातांकडे बघितले. उन्हाने तडकलेले, सुईने टोचलेले हात. तिचे स्वतःचे हात झग्याच्या घडीत होते. ते एकदा हलल्यासारखे वाटले. मग तिने परक्या वडीलधाऱ्या बाईला करतात तशी कमरेतून वाकून मान लववली.

"जेने, चहा छान झाला होता," ती म्हणाली.

आणि पुढे गेली. कालिपा क्षणभर मागे रेंगाळली, काहीतरी बोलायला तोंड उघडले, आणि तिला कुणीतरी हाताला धरून पुढे नेले.

फाटकावर बायांनी निरोपाचे रडगाणे धरले. गाड्यांचे दरवाजे धडधड लागले. भोंगे वाजवत सहाच्या सहा गाड्या चिनारांच्या रांगेतून खाली गेल्या, आणि धूळ हळूहळू बसली. अनारकुल तिथेच उभी होती. दुवा अर्ध्यावर राहिली होती. समोर कुणी नव्हते, आणि हात तोंडावरून फिरवावेत तर ते कशासाठी, हे तिला कळत नव्हते. म्हणून ते तसेच, पुढे, उघडे राहिले होते.

अंगणातून साल्किन खरकट्या वाडग्यांची चवड घेऊन लगबगीने आली. अनारकुलचे पसरलेले हात बघून तिला वाटले, हिला वाडगेच हवे आहेत.

"हं, धर," ती म्हणाली, आणि सगळी चवड तिच्या तळहातांवर ठेवून दुसरी आणायला वळली.

वाडगे अजून कोमट होते. अनारकुलने ते नीट धरले आणि नळाकडे गेली.